खिशातल्या प्लेअरवर पुरेसा आवाज देणारे इनइअर कसे निवडावेत?

मंद्र
खिशात मावणाऱ्या म्युझिक प्लेअरसाठी कानात बसणारे इअरफोन घ्यायचे, तर त्यांचा आवाज पुरेल की नाही हे आधीच कसं ओळखायचं? एकाच प्लेअरवर एक जोडी अर्ध्या व्हॉल्यूमला कान भरून टाकते, दुसरी शेवटच्या रेघेपर्यंत नेली तरी गाणं शेजारच्या खोलीत चालल्यासारखं वाटतं. खोक्यावर ओहम, डेसिबल, मिलिवॅट सगळं छापलेलं असतं, पण प्रत्येक कंपनीची लिहिण्याची तऱ्हा वेगळी. प्लेअरच्या माहितीपत्रकात फक्त '५ मिलिवॅट + ५ मिलिवॅट, १६ ओहम' एवढंच आहे.

ऐकायचं मुख्यतः शास्त्रीय, त्यातही जुनी ध्वनिमुद्रणं, जी मुळातच हळू आहेत. यादीत सध्या चार नावं: फायनल ई३०००, मूनड्रॉप आरिया, इटिमोटिक ईआर४एसआर आणि शुअर एसई२१५. वेगळा अँप (आवाज वाढवणारं छोटं यंत्र) जवळ बाळगायचा नाही.

गुंजन
कमी ओहमचे घ्या. १६ किंवा त्याच्या आसपास. छोट्या प्लेअरला तेच झेपतात, बाकी आकड्यांत शिरायची गरज नाही.

ओहमकार
गुंजन, असहमत. ओहमवरून इअरफोन प्लेअरकडून किती करंट ओढेल ते कळतं. मिळालेल्या विजेचा आवाज किती होईल ते सांगते सेन्सिटिव्हिटी. नुसत्या ओहमवर गेलं की कसं फसायला होतं पहा. फायनल ई५००० आहे १४ ओहमचा आणि शुअर एसई५३५ आहे ३६ ओहमचा. तुमच्या नियमाने ई५००० मोठा वाजायला हवा. पण ई५००० ची सेन्सिटिव्हिटी ९३ डेसिबल प्रति मिलिवॅट आहे, एसई५३५ ची ११९. एकाच प्लेअरवर, व्हॉल्यूम न हलवता, ३६ ओहमवाला जवळजवळ २२ डेसिबलने मोठा वाजतो. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ही तफावत चौपटीच्या वर गेली.

खरा घोळ एककांचा आहे. शुअर आणि फायनल डेसिबल 'प्रति मिलिवॅट' देतात. सेनहायझरचे आयई मालिकेतले इनइअर आणि मूनड्रॉप 'प्रति व्होल्ट' देतात. इटिमोटिक ०.१ व्होल्टला किती ते देते. हे तिन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून तुलना केली की निष्कर्ष चुकणारच. प्लेअर व्हॉल्यूम वाढवतो म्हणजे व्होल्टेज वाढवतो, म्हणून सगळं प्रति व्होल्टमध्ये आणा.

प्रति मिलिवॅटचा आकडा असेल तर १६ ओहमला १८ मिळवा, ३२ ला १५, ६४ ला १२, १०० ला १०. ओहम दुप्पट झाले की मिळवायचे डेसिबल ३ ने कमी, एवढं लक्षात राहिलं तरी काम भागतं. ०.१ व्होल्टचा आकडा असेल तर सरळ २० मिळवा.

आता प्लेअर. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे व्होल्ट. तुमचे ५ मिलिवॅट म्हणजे ०.००५ वॅट, गुणिले १६ म्हणजे ०.०८; वर्गमूळ ०.२८ व्होल्ट. १ व्होल्टपेक्षा हे ११ डेसिबल खाली आहे. इअरफोनच्या प्रति व्होल्ट आकड्यातून ११ वजा केले की तुमच्या प्लेअरवरचा जास्तीत जास्त आवाज मिळाला.

श्रुतिभेद
वाचनखूण साठवली. इतकं सरळ कुठे वाचलं नव्हतं.

निषाद
ओहमकारांच्या रीतीने मंद्र यांची यादी सोडवून ठेवतो:

एसई२१५: १०७ प्रति मिलिवॅट, १७ ओहम. प्रति व्होल्ट जवळपास १२५. तुमच्या प्लेअरवर ११४.
आरिया: १२२ प्रति व्होल्टच दिलेलं आहे, ३२ ओहम. तुमच्याकडे १११.
ई३०००: १०० प्रति मिलिवॅट, १६ ओहम. प्रति व्होल्ट ११८. तुमच्याकडे १०७.
ईआर४एसआर: ०.१ व्होल्टला ९६, म्हणजे प्रति व्होल्ट ११६. तुमच्याकडे १०५.

गुंजन यांच्या नियमाने ई३००० पहिला आला असता. इथे तो तिसरा आहे, आणि ३२ ओहमचा आरिया त्याच्या ४ डेसिबल पुढे.

तारतम्य
हिशेब बरोबर आहे, दोन गोष्टी जोडतो.

हे आकडे बहुतेक वेळा १ किलोहर्ट्झच्या एकाच सुराचे असतात. कंपन्यांची मोजायची साधनं सारखी नसतात, त्यामुळे ३ डेसिबलपर्यंतचा फरक सोडून द्या. १११ आणि १०५ यांत काही अर्थ आहे, १०७ आणि १०५ यांत फारसा नाही.

दुसरं, हा कमाल आवाज फाईलमधल्या सगळ्यात उंच शिखराचा. संगीताची सरासरी त्याच्या बरीच खाली असते. दाबून मोठ्या केलेल्या आधुनिक गाण्यात ८-१० डेसिबल खाली, शास्त्रीयात १५ ते २० खाली. तेव्हा १०५ शिखर म्हणजे सरासरी ८५ च्या आसपास. शांत खोलीत हा आवाज चांगलाच मोठा आहे.

मंद्र
मग यादीतले चौघेही पुरायला हवेत. तरी आवाज कमी पडल्याची तक्रार इतकी सर्रास का?

तारतम्य
बहुतेक वेळा टिप, म्हणजे कानात जाणारं रबरी किंवा फोमचं टोक, नीट बसलेली नसते. कानाची नळी हवाबंद झाली नाही तर खर्ज गळतो. खर्ज गेला की गाणं पोकळ आणि लांबचं वाटतं, माणूस व्हॉल्यूम वाढवतो, मग वरचे सूर टोचायला लागतात आणि तरी 'आवाज कमी' ही भावना जात नाही. हे लक्षण ओळखा: टोचतंय पण भरत नाही, म्हणजे गळती आहे.

तपासायची रीत: खर्ज असलेलं काहीतरी लावा आणि दोन्ही इअरफोन बोटाने हलकेच आत दाबून धरा. त्या क्षणी खर्ज एकदम वाढला तर टिप लहान पडतेय किंवा वाकडी बसलीय. बसवताना विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, इअरफोन किंचित फिरवत आत न्या, मग पाळी सोडा. फोमची टिप असेल तर आधी बोटांत वळून बारीक करा आणि आत गेल्यावर अर्धा मिनिट तशीच धरा. फुगायला वेळ लागतो. डाव्या-उजव्या कानाची मापं वेगळी असणं अगदी नेहमीचं आहे. एका बाजूला मध्यम आणि दुसऱ्या बाजूला मोठी टिप लावायला हरकत नाही.

गुंजन
+१. टिप बदलून आवाज पालटतो हे शंभर टक्के खरं. एककांचं पटलं, पण ओहमला एवढं झटकून टाकू नका. १०० ओहमचा इअरफोन छोट्या प्लेअरवर मार खातो की नाही?

ओहमकार
खातो, कारण त्याच व्होल्टेजला त्यात वॅट कमी जातात. पण तो परिणाम प्रति व्होल्टच्या आकड्यात आधीच धरलेला आहे. यासाठी इटिमोटिकचंच जुनं उदाहरण चपखल आहे: ईआर-४एस १०० ओहमचा आणि ईआर-४पी २७ ओहमचा. 'पी' हा खिशातल्या प्लेअरसाठीच काढलेला होता आणि जवळपास १० डेसिबलने मोठा वाजायचा. त्याला ७५ ओहमचा रोधक (रेझिस्टर) असलेला अडॅप्टर लावला की तो 'एस'सारखा व्हायचा.

उलट बाजूही आहे. ओहम फार कमी असतील तर प्लेअरचा करंट कमी पडतो. ई५००० ला १ व्होल्ट द्यायचा तर ७१ मिलिअँपिअर लागतात. एखाद्या प्लेअरचं बळ ३० मिलिअँपिअरवर संपत असेल तर १४ ओहमवर तो ०.४२ व्होल्टच्या पुढे जाऊच शकत नाही, कागदावर २ व्होल्ट लिहिलेले असले तरी. तिथे खर्जाच्या ठोक्याला आवाज फाटतो. तबल्याच्या डग्ग्यावर नीट कान ठेवा, पहिली खरखर तिथेच येते.

सोल्डरगन
माहितीपत्रकावर विसंबण्यापेक्षा व्होल्ट मोजून घ्या, साध्या मल्टिमीटरने होतं.

५० हर्ट्झचा साइन सूर पूर्ण पातळीवर, म्हणजे डिजिटल फाईलची कमाल मर्यादा असलेल्या शून्य डेसिबलवर, बनवून फाईल प्लेअरमध्ये टाका. १ किलोहर्ट्झचा घेऊ नका. स्वस्त मीटर घरातल्या विजेच्या वारंवारतेपाशीच खरं दाखवतात. इअरफोन काढून ठेवा, हा सूर कानात जाता कामा नये. दोन्ही टोकांना ३.५ मिमी पिन असलेली वायर प्लेअरला लावा. मीटर एसी २ व्होल्टच्या पट्टीवर ठेवा, एक टोक मोकळ्या पिनच्या शेंड्याला, दुसरं बुडाच्या कड्याला. व्हॉल्यूम पूर्ण वर. इक्वलायझर, बेस बूस्ट वगैरे सगळं बंद. जो आकडा दिसेल ते तुमचे व्होल्ट.

पुढची पायरी: शेंडा आणि बूड यांच्यामध्ये ३३ ओहमचा रोधक जोडून परत मोजा. समजा मोकळं असताना ०.५० होतं आणि आता ०.४५ आलं. ०.५० भागिले ०.४५, त्यातून १ वजा, गुणिले ३३ म्हणजे ३.७. हा प्लेअरचा स्वतःचा ओहम, आउटपुट इम्पिडन्स. इअरफोनचे ओहम याच्या निदान आठपट असावेत असा ठोकताळा आहे. आउटपुट १० ओहमचं आणि इअरफोन ९ ओहमचा असला तर साडेसहा डेसिबल प्लेअरच्या आतच जिरतात. शिवाय बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे अनेक ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, असलेल्या इअरफोनचा ओहम प्रत्येक सुराला वेगळा असतो, त्यामुळे नुसता आवाज कमी होत नाही, सुरांचा तोलही बिघडतो.

निषाद
सोल्डरगन, उत्तम. आकडा अपेक्षेपेक्षा खूप कमी आला तर मर्यादा लागू आहे का ते बघा. युरोपीय बाजारासाठी ईएन ५०३३२ नावाचं मानक आहे. इअरफोनशिवाय विकल्या जाणाऱ्या प्लेअरला त्याच्या दुसऱ्या भागात १५० मिलिव्होल्टची कमाल मर्यादा घातली आहे. १ व्होल्टपेक्षा ते साडेसोळा डेसिबल खाली, म्हणजे ईआर४एसआरला जेमतेम १०० उरतात. अ‍ॅपलच्या टाइप-सी डोंगलचंही (फोनला इअरफोन जोडायच्या छोट्या अडॅप्टरचंही) असंच: अमेरिकी आवृत्ती साधारण १ व्होल्ट देते, युरोपीय अर्धा. दिसायला दोन्ही सारखेच.

सेटिंगमधली मर्यादा वेगळी. सोनीच्या प्लेअरमध्ये एव्हीएलएस नावाचा पर्याय असतो, अ‍ॅपलमध्ये कमाल व्हॉल्यूमची पट्टी असते. इतर प्लेअरमध्ये गेन (आवाज किती पट वाढवायचा ते) 'लो' आणि 'हाय' असा असतो, तो 'लो'वर राहून गेलेला असतो. नवे इअरफोन शोधण्याआधी हे बघायचं.

चौकस
हाच अ‍ॅपलचा डोंगल अँड्रॉइडला लावला की आवाज दबतो, ते यामुळेच का?

निषाद
नाही, ते वेगळं. डोंगलच्या आतलं स्वतःचं व्हॉल्यूम खाली असतं आणि अँड्रॉइड आपलं व्हॉल्यूम वर नेताना त्याला हात लावत नाही. जे प्लेअर अ‍ॅप यूएसबीवर थेट ताबा घेतात त्यांत ते वर नेता येतं.

सोल्डरगन
अवांतर: एलजीच्या व्ही मालिकेतले फोन खिशातला प्लेअर म्हणून वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, की क्वाड डॅक ही ध्वनीची खास चिप असलेले फोन पिन लावताना समोरचे ओहम मोजतात. ५० च्या खाली दिसले तर कमी व्होल्टेज, वर दिसले तर जास्त. जवळजवळ सगळे इनइअर ५० च्या खाली येतात.

शब्दवेध
सेन्सिटिव्हिटीला 'संवेदनशीलता' म्हटलं की माणसाचा स्वभाव डोळ्यांसमोर येतो. 'आवाजक्षमता' कसा वाटतो?

ओहमकार
छान आहे. फक्त खोक्यावर ओळखता यायला हवं म्हणून इथे सेन्सिटिव्हिटीच ठेवू.

श्रुतिभेद
जुन्या ध्वनिमुद्रणांबद्दल कोणी बोललं नाही, आणि मंद्र यांच्या प्रश्नाचा अर्धा भाग तोच आहे. जुन्या फाईलचं शिखर कित्येकदा शून्यापर्यंत पोचतच नाही, ८-१० डेसिबल खाली राहतं. तेवढे डेसिबल प्लेअर कधीच वापरत नाही. ते फाईलमध्येच भरून काढता येतात.

एमपी३ असतील तर एमपी३गेन हे सॉफ्टवेअर वापरा. तो आवाज परत दाबून एन्कोड करत नाही, फाईलमधला गेनचा आकडा फक्त बदलतो. पायरी १.५ डेसिबलची, आणि परत मागेही नेता येतं. त्याची ठरावीक पातळी ८९ आहे, पण तुम्हाला हवंय ते 'शिखर न कापता जास्तीत जास्त'. तो पर्याय अल्बमनिहाय लावा. ट्रॅकनिहाय लावलात तर विलंबित आणि द्रुत वेगळ्या फाईलींत असताना दोन्ही एकाच उंचीवर येतात आणि मूळचा चढ हरवतो. फ्लॅक प्रकारच्या फाईलींसाठी रिप्लेगेनचे टॅग, म्हणजे फाईलसोबतची आवाजपातळीची नोंद, अर्थात प्लेअर ते वाचत असेल तर.

आणि इक्वलायझर. खर्ज ६ डेसिबल वाढवायचा तर शिखर कापलं जाऊ नये म्हणून एकूण पातळी ६ ने खाली आणावी लागते. चांगले प्लेअर ते आपोआप करतात, म्हणून इक्वलायझर चालू केला की सगळंच हळू होतं. आधीच आवाज तोकडा असताना खर्ज वाढवण्यापेक्षा वरचे सूर थोडे कमी करा.

तारतम्य
श्रुतिभेद यांचा प्रतिसाद आवडला. कापलेल्या शिखरांवरून आठवलं: रॉकबॉक्स हे पर्यायी सॉफ्टवेअर टाकलेल्या काही प्लेअरवर व्हॉल्यूम शून्य डेसिबलच्याही वर जातं. जुन्या हळू फाईलला ते वरदान आहे, नव्या मोठ्या फाईलला तिथे आवाज फाटतो.

गुंजन
म्हणजे सरळ सगळ्यात जास्त सेन्सिटिव्हिटीचा उचलावा, प्रश्न मिटला?

ओहमकार
तेही नको. शुअर एसई८४६ घ्या: ९ ओहम, ११४ प्रति मिलिवॅट, प्रति व्होल्ट १३४ च्या वर. असा इअरफोन प्लेअरच्या स्वतःच्या सर्किटची सूं-सूंसुद्धा मोठी करून ऐकवतो. हळू आलापीत, सुरामागच्या शांततेत ती सतत जाणवते. शिवाय व्हॉल्यूमच्या पायऱ्या पंधराच असतील तर पहिली हळू, दुसरी मोठी, मधलं काही नाही अशी गत होते. पूर्ण व्हॉल्यूमला ११० च्या आसपास शिखर देणारा इअरफोन प्लेअरशी जुळलेला समजा.

चौकस
कानांचंही बघा. अमेरिकेच्या एनआयओएसएच संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला १५ मिनिटंच. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) यांच्या एच.८७० मानकात मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल धरले आहेत, मुलांसाठी ७५. प्रवासात बाहेरचा गोंगाट ७५-८० असतो आणि त्यावर मात करायला माणूस नकळत ९० च्या वर जातो.

तारतम्य
म्हणूनच बाहेरचा आवाज किती अडतो हा आकडा सेन्सिटिव्हिटीइतकाच महत्त्वाचा मानतो. इटिमोटिकच्या तीन कड्यांच्या टिप नीट खोल बसल्या तर कंपनी ३५ डेसिबलच्या वर अडवल्याचं सांगते. ७८ चा गोंगाट कानात चाळिशीत आला तर ७० ची सरासरी भरपूर वाटते. निषाद यांच्या यादीत ईआर४एसआर तळाला आहे, तरी गर्दीत तो आरियापेक्षा मोठा भासू शकतो. आरियाच्या खोळीला हवेची भोकं आहेत, तो एवढं अडवत नाही.

निषाद
हे मान्य, पण मंद्र यांचा प्लेअर १५० मिलिव्होल्टवाला निघाला आणि फाईल ८ डेसिबल हळू असली तर ईआर४एसआरचं शिखर ९१-९२ वर येतं, सरासरी सत्तरीच्या थोडी वर. तिथे पुढे सरकायला जागाच नाही. तसं असेल तर मी एसई२१५ म्हणेन, त्याला त्याच फाईलवर १०० मिळतात आणि तोही बंद खोळीचा, गोंगाट चांगला अडवणारा आहे.

सोल्डरगन
एकाच बाजूचा आवाज हळूहळू कमी होत गेला तर तो प्लेअरचा दोष नसतो, जाळीत मळ साचलेला असतो. टिप काढा, इअरफोनचं तोंड खाली करून कोरड्या मऊ ब्रशने झटका. तोंड वर ठेवून घासलं तर मळ आत जातो. आणि माइकवाल्या इअरफोनवर गायकाचा आवाज गायब होऊन फक्त साथ उरली तर माइकचं बटण दाबून धरा. दाबल्यावर सगळं नीट झालं तर पिनचा अर्थिंगचा कडा प्लेअरशी जुळत नाहीये.

मंद्र
सगळ्यांचे आभार. सोल्डरगन यांच्या पद्धतीने मोजलं: मोकळं असताना ०.२९ व्होल्ट, ३३ ओहम लावून ०.२७. म्हणजे आउटपुट अडीच ओहमच्या आत, आणि मर्यादा लागलेली नाही. फाईलींचं शिखर साधारण ७ डेसिबल खाली होतं, ते एमपी३गेनने अल्बमनिहाय वर आणलं. आता ईआर४एसआर आणि एसई२१५ यांतच निवड उरते. ऐकणं निम्मं प्रवासात, निम्मं रात्री शांततेत.

तारतम्य
मग ईआर४एसआर. ०.२९ व्होल्टला १०५ शिखर मिळतंय आणि फाईलीही भरलेल्या आहेत. तीन कड्यांची टिप पहिल्या दिवसांत जाड वाटते. किंचित ओली करून घातली की सरकते. काढताना झटका देऊ नका, कानाच्या पडद्यावर ताण येतो. फिरवत फिरवत बाहेर घ्या.

निषाद
मोजलेले आकडे पाहता सहमत. टिप ज्या नळीवर चढते तिच्या टोकात बसणारा फिल्टर तेवढा बदलत राहावा लागतो. तो मळला की वरचे सूर आधी जातात. सुटे फिल्टर आणि ते काढायचं छोटं हत्यार सोबत येतं का ते घेताना बघा.